लेमियाचं छप्पर

बायको सेनिया वारली आणि उंग्गातने शहरात मुलाकडे जायचं ठरवलं. जंगलातल्या त्या गावात सगळे एकाच लांबलचक घरात राहत, पण प्रत्येकाच्या खोलीचं लाकूड ज्याचं त्याचं. ते विकायचं म्हणून त्याने फळ्या उतरवल्या. बोचकं होडीत ठेवून आला आणि खांबाला पहार लावली, तशी शेजारची लेमिया मध्ये येऊन उभी राहिली.

"भावजी, त्या खांबाला हात लावायचा नाही. आमचं छप्पर त्याच्यावर आहे."

"मग मी काय करू? खांब राखत बसू इथे?"

"बसा की. दुसरं येतंय काय तुम्हाला? तुमच्या हातचा भात तर डुकरंसुद्धा हुंगून जातात. उद्यापासून आमच्याकडे जेवा."

उंग्गातने पहार भिंतीला टेकवली.

"आजपासून नाही का चालणार?" असं म्हणून तो होडीतलं बोचकं आणायला नदीवर गेला.

लेमियाच्या छपराला तिचा स्वतःचा खांब होता. गेल्या साली उंग्गातनेच तो रोवून दिला होता, आणि सरळ बसलाय का ते लेमियाने दहादा पाहून घेतलं होतं.