बारशाला आलेली पाहुणी

तृतीयपंथी संचिताला ठाण्याच्या ऑफिसात रिसेप्शनवर घेतलं, तेव्हा मॅनेजर विनीत सरांनी तिच्याशेजारी उभं राहून हौसेने फोटो काढून घेतले होते. पुढे कंपनीने ती ‘सर्वांना संधी’ योजना गुंडाळली आणि पहिली तिचीच खुर्ची गेली. “मनाला लावून घेऊ नकोस गं, पोस्टच बंद झालीये,” सर म्हणाले.

सोडून दिलेल्या टाळ्या पोटासाठी पुन्हा वाजवायची वेळ संचितावर आली. डोंबिवलीत एका बारशाच्या घरी शिरली, तर बाळाचा बाप म्हणून समोर विनीत सर! तिने बाळाला मांडीवर घेऊन भरभरून आशीर्वाद दिला. तेवढ्यात सर हात जोडून पुटपुटले, “ऑफिसात अजून कपात चाललीये गं. माझ्या नोकरीसाठीही एक आशीर्वाद दे ना.”



संचिता गोड हसली. “मनाला लावून घेऊ नका सर, त्या आशीर्वादाची पोस्टच बंद झालीये.”