सकाळी सहाची गोळी

"काकू, घोडं कुठे अडलंय?" मुख्य डॉक्टरांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. "तुमची एक सही राहिलीय फक्त."

टेबलावर अहवालाचं शेवटचं पान होतं. सांध्यांच्या आजारावरच्या नव्या गोळीची देशभर अठरा केंद्रांत वर्षभर चाचणी झाली होती. निष्कर्ष एका ओळीचा: रुग्णांनी औषध वेळेवर घेऊनही गुण आला नाही, चाचणी बंद करावी. खाली डॉक्टरांची सही होती, आकडेवाल्या बाईंची होती. तिसरी जागा रुग्णांच्या प्रतिनिधीची, म्हणजे काकूंची.

काकूंची हयात शिवणयंत्रावर गेली. बोटं वाकडी झाली तेव्हा यंत्र विकावं लागलं. चाचणीत त्यांनी स्वतः ती गोळी घेतली होती. समितीवर नेमलं तेव्हा शेजारणींना तीनतीनदा सांगून झालं होतं. आता ही सही झाली की औषध संपलं, आणि त्यामागे दुसरं कुठलंच रांगेत नव्हतं.

त्यांचं बोट 'वेळेवर' या शब्दावरून हलेना.

"रुग्णांना मात्र मानलं पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "सकाळी सहाला, उपाशीपोटी, कारण जेवणावर ती लागूच पडत नाही. दोनशे बारा जण, आणि रोज वेळ लिहायच्या वहीत एकाचीही वेळ चुकली नाही. तीस वर्षांत मी असली शिस्त पाहिली नाही."

झाकली मूठ झाकलेलीच राहू द्यावी, असं काकूंना वाटलं. खोटारडी म्हणून इथून उठवलं, तर कोणत्या तोंडाने घरी जायचं? पण पेन काही उचलवेना. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची रिकामी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"ही मला उघडता येत नाही."

"काय कठीण आहे त्यात? दाबायचं आणि फिरवायचं." डॉक्टरांनी झाकण उघडून पुन्हा घट्ट लावलं.

काकूंनी बाटली दोन्ही तळव्यांत धरली. दाबली. कोपर टेबलाला टेकवून जोर लावला. झाकण नुसतंच कटकट करत फिरत राहिलं.

"ही आत्ताची गत. सकाळी सहाला तर बोटं लाकूड असतात," त्या म्हणाल्या. "लेक पाचलाच बेकरीत कामाला जाते. हवा लागली की गोळी वाया जाते, म्हणून आधी काढून ठेवायची नाही. ती दोनला आली की उघडून द्यायची. वर्षभर मी गोळी दुपारी, जेवणावर घेतली."

"आणि वहीत काय लिहिलंत?"

"सहा."

डॉक्टरांचा चेहरा लालबुंद झाला. "का पण?"

"वेळ चुकली तर नाव कमी करू, असं पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतं. मला दुसरा कसला आधार होता हो?"

आकडेवाल्या बाई संगणकावर पानांमागून पानं सरकवत होत्या. मग त्यांचा हात थांबला.

"सर, सगळ्याच वह्यांत सहा आहे. सहा-पाच नाही की सव्वासहा नाही. दोनशे बारा माणसं, अख्खं वर्ष. एक दिवससुद्धा कुणाला उशीर झाला नाही?"

डॉक्टरांनी बाटलीकडे पाहिलं. मग सह्यांचं पान सावकाश स्वतःकडे ओढून घेतलं.

काकूंनी मनगटाने डोळे पुसले.

"मला वाटत होतं," त्या म्हणाल्या, "खोटं लिहिणारी मी एकटीच."