लाल फ्लॅनेलची गाठ

"बाई, फुटपाथ मोकळा करा," हवलदार क्विनलनने तिसऱ्यांदा सांगितलं. बाई हलली नाही. व्हाइट हाउसच्या फाटकाला पाठ लावून ती उभी होती. केस पिकलेले, ओठ निळे पडलेले. पायाखाली कापडात बांधलेली गरम वीट आणि हातात फलक: 'राष्ट्राध्यक्ष, आम्हा बायकांच्या मतदानाच्या हक्काचं काय?'

नोव्हेंबरचा वारा झोंबत होता, तरी बघ्यांची गर्दी हटत नव्हती. मघाशीच राष्ट्राध्यक्षांची गाडी आत गेली होती. जाताना त्यांनी नेहमीप्रमाणे बाईकडे बघून हॅट उचलली होती. ही अदब क्विनलनला फार आवडे. तोही अटक करण्याआधी टोपीला हात लावायचा. ठाण्यात त्यावरून थट्टा चाले, "हा बायकांना तुरुंगात नेतो की नाचायला?"

आज गर्दीतल्या एका टवाळाने तोच सूर लावला. "काय हवलदार, घरीही बायकोसमोर असेच हात जोडता का?"

लोक खिदळले. क्विनलनचे कान तापले.

"माझी बायको असल्या फंदात पडत नाही," तो मोठ्यांदा म्हणाला. "मत काय घेऊन बसलात? या राजधानीत राहणाऱ्या कुणालाच मत देता येत नाही, मलासुद्धा नाही. मी बसलोय का रडत? आणि माझी बायको सुखात आहे!"

टाळ्या पडल्या. त्या टाळ्याच नडल्या. त्याने बूट उचलला आणि बाईच्या पायाखालची वीट लाथेनं उडवली. बाई गुडघ्यांवर आपटली. फलकाची काठी मोडली. गर्दीने हुर्यो केली.

बाई कुणाचाही हात न घेता उठली. स्कर्ट झटकत म्हणाली, "वीट तेवढी नीट उचला, हवलदार. कुणीतरी पहाटे उठून तापवलीय ती."

तो वाकला. वीट लाल फ्लॅनेलमध्ये बांधलेली होती. त्याच्याच जुन्या बनियनचं कापड. एवढी आपटली, तरी गाठ सुटली नव्हती. ती त्याच्या बापाने गोदीवर शिकवलेली गाठ होती, आणि आज सकाळी त्याने स्वतःच मारलेली.

तीन आठवडे त्याची बायको डिलिया पहाटे सहा विटा चुलीत तापत ठेवत होती. "चर्चमधल्या म्हाताऱ्यांसाठी," असं तिने सांगितलं होतं. "बिचाऱ्यांचे पाय गारठतात." विटा तो बांधून द्यायचा. टोपली ट्रामपर्यंत पोचवायचाही तोच. बायकोचं मन किती मोठं आहे, हे त्याने अख्ख्या गल्लीला ऐकवलं होतं.

बाईला अटक करून पोलीसगाडीत चढवताना टोपीला हात लावायचं तो विसरला. लाज वाटत होती. कुणाकडे बघायची सोय राहिली नव्हती.

संध्याकाळी तो घरी गेला. वाटेत त्याने ठरवलं होतं, डिलियाला चांगलं फैलावर घ्यायचं. माझ्याशी खोटं बोललीस, माझी नोकरी घालवशील, वगैरे. वीट त्याने टेबलावर ठेवली. डिलिया बटाटे सोलत होती. तिने विटेकडे पाहिलं आणि पुन्हा सुरी चालवू लागली.

त्याच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"डिलिया, आज मी एका म्हाताऱ्या बाईच्या पायाखालून ही वीट उडवली. लाथेनं. चारचौघांत."

"ठाऊक आहे," डिलिया मान वर न करता म्हणाली. "तिची गार झालेली वीट बदलायला दुसरी घेऊन मी गर्दीतच उभी होते. मी सुखात आहे, हेही मला तिथेच कळलं."