पॉलिश न लागलेली फळी

रेवतीबाईंनी आईचा लाकडी रेडिओ वामोरीकरांच्या टेबलावर ठेवला, तेव्हा तो आरशासारखा चमकत होता. "दर दसऱ्याला पॉलिश करते हो," त्या कौतुकाने म्हणाल्या.

जुने रेडिओ जमवणारे आणि त्यांच्या लाकडात साठलेले आवाज ऐकवणारे वामोरीकर हळहळले. "अहो बाई, घरातले आवाज लाकडाच्या वरच्या थरातच मुरलेले असतात. तुम्ही तेच घासून काढलेत की!"

रेवतीबाईंचा चेहरा पडला. त्या तान्ह्या असतानाच आई गेली होती. तिचा आवाज एकदा तरी ऐकावा, म्हणून तर त्या आल्या होत्या.

"थांबा, रडू नका. खालून कोण पॉलिश करतं?" वामोरीकरांनी रेडिओ आडवा केला आणि तळाच्या फळीवर लाकडातले आवाज वाचणाऱ्या यंत्राची सुई टेकवली.

आधी खरखर आली, मग बातम्या, आणि मग अगदी जवळून एक तरुण आवाज. "अहो, जरा हळू करा ना तो रेडिओ. रेवा आत्ताच झोपलीय."

वामोरीकर हसले. "ही रेवा कोण?"

 रेवतीबाईंनी हात पुढे केला आणि त्या कधीच्याच बंद पडलेल्या रेडिओचं आवाजाचं बटण हलकेच मागे फिरवलं.