वेळ सांगणारी मावशी

राष्ट्रीय वेधशाळेला फोन केला की एक रेकॉर्ड केलेला आवाज साऱ्या देशाला अचूक वेळ सांगायचा. तो आवाज माझ्या वारलेल्या मावशीचा होता आणि त्या यंत्राची देखभाल माझ्याकडे होती.

एका दुपारी वेळ सांगता सांगता मावशी खोकली.

मी सहकाऱ्याला धारेवर धरलं. "रेकॉर्डिंगला हात कोणी लावला?"

"आईशपथ, मी नाही!" तो माझी नजर चुकवत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती दमल्यासारखी बोलत होती. हा त्याचाच चावटपणा, म्हणून मी त्याला खोलीबाहेर काढलं, कडी लावली आणि यंत्राची वायरच उपटली.

खात्री करायला फोन लावला.

पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं.

"बाळा," मावशीनं हळूच विचारलं, "किती वाजले रे?"