दोन यंत्रांची पारख

लिंबागणेशच्या सुंदररावांच्या ओट्यावर दोन यंत्रे शेजारी शेजारी मांडलेली होती. एक पायलीच्या मापाएवढे, दुसरे लोखंडी ट्रंकेएवढे. दोहोंच्या पोटात काचेचे दिवे बसविलेले होते. मोटारीच्या ब्याटरीची तार जोडली म्हणजे ते दिवे तांबूस जळू लागत आणि गिटारीचा क्षीण स्वर थोर होऊन कर्ण्यावाटे बाहेर पडे.

यांपैकी एक यंत्र सुंदररावांना ठेवून घ्यावयाचे होते. गणपतीच्या यात्रेत तहसीलदारसाहेबांसमोर त्यांचे वादन ठरले होते. हैद्राबादेहून आणलेली ती गिटार मांडीवर आडवी घेऊन, तारांवरून पोलादी कांडी सरकवीत, ते आजवर बंद खोलीतच वाजवीत आले होते. गाव त्यांना पाठीमागे ‘खोलीतला वाघ’ म्हणत असे, आणि हे त्यांस ठाऊक होते.

“धाकटं घरात बसून हात बसवायला ब्येस,” जालन्याहून यंत्रे घेऊन आलेला मिस्तरी बंकट सांगू लागला. “ब्याटरी लई खात न्हाई, आवाज गोड. पण यात्रेत त्येला कोन इचारतंय? थोरलं जरा चिरकं हाय, पण माळ उठवतंय.” मग काडीने दात कोरीत तो म्हणाला, “रातचं कोकरू मातूर लई कवळं हुतं, मालक. हाडंसुदिक ठिवली न्हाईत.”

सुंदरराव संतोषाने हसले. पायरीखाली उभ्या असलेल्या धनगराकडे त्यांनी बोट दाखविले. “ह्या सिदूच्या कळपातलं. आमच्याच गवतावर वाढलं, मंजी आमचंच की. न्हाई का रे?”

“व्हय मालक,” सिदू म्हणाला. “त्याच्या आईला तेवढं येकच हुतं.”

सुंदररावांनी तारा जुळविण्यास आरंभ केला.

सिदूने समोरच्या माळावर, म्हसोबाच्या दगडापाशी जाऊन उभे राहावे, आणि स्वर तेथवर पोहोचल्यास खांद्यावरची घोंगडी उंच धरावी, असे ठरले. त्याची मेंढरेही तेथेच चरत होती.

“झोपू नगंस बे तिथं,” बंकटने मागून हाक दिली.

प्रथम धाकटे यंत्र जोडले गेले. स्वर मधुर होता, परंतु अंगण ओलांडून जाताच विरत असावा. माळावर सिदू खांबासारखा उभा होता. मग थोरल्याचे दिवे तापले. सुंदररावांनी सर्वांत बारीक तारेवर कांडी ठेवली आणि ती घोळवीत वर वर सरकवीत नेली. कर्ण्यातून निघालेला स्वर छपराच्या कौलांना हादरवून गेला.

माळावर घोंगडी वर झाली.

“पोचला!” सुंदरराव एखाद्या मुलाप्रमाणे उद्गारले, आणि त्यांनी तोच स्वर पुन्हा काढला, पुन्हा काढला.

घोंगडी एकाएकी खाली आली. सिदू धावत सुटला होता. त्याच्याही पुढे, दगडधोंडे न पाहता, एक मेंढी धावत येत होती. ती अंगणात शिरली, ओट्याच्या पायऱ्या चढली, सतरंजी तुडवीत थेट थोरल्या यंत्रापाशी गेली आणि तिने आपले तोंड कर्ण्यात घातले. तिची कास दुधाने तटतटलेली होती. ती आत हुंगू लागली व बारीक आवाजात ओरडू लागली.

सुंदररावांच्या हातातील कांडी थांबली.

बंकटने मांडीवर थाप मारली. “बगा मालक! जनावर फसलं! कोकराचाच आवाज वाटला तिला. यापरीस आनखी काय दाखला पायजे?”

मेंढीने तोंड बाहेर काढले, यंत्राची मागची बाजू हुंगून पाहिली आणि ती परत कर्ण्यासमोर येऊन उभी राहिली.

सिदू धापा टाकीत पायरीशी पोहोचला.

“घेऊन जा तिला,” सुंदरराव त्याच्याकडे न पाहता म्हणाले.

“नेतो. पर मालक, येक डाव आनखी वाजवा.” सिदूने ओट्यावरचा तांब्या उचलून त्यातील पाणी अंगणात ओतले. “सकाळधरनं कासंला हात लावू देत न्हाई. ठनकतीया तिची. तुमी वाजवा, तवर धार काढतो.”

सुंदररावांना नाही म्हणता येईना. त्यांनी कांडी पुन्हा बारीक तारेवर ठेवली. कर्ण्यातून कोकरू ओरडू लागले. मेंढीने कान टवकारले, अंग सैल सोडले, आणि सिदूच्या बोटांखालून तांब्यात धारा पडू लागल्या. सुंदररावांची मान इतकी खाली गेली होती की त्यांना आपली बोटे आणि तो तांब्या, एवढेच दिसत होते. मधेच हात थांबे, तोच सिदू हळूच म्हणे, “वाजवा मालक, वाजवा.”

अखेरीस तो उठला. वाफाळता तांब्या त्याने सुंदररावांच्या गुडघ्यापाशी, गिटारीला लागूनच ठेवला.

“घ्या. तुमच्याच गवताचं हाय.”

त्याने मेंढीला कवेत उचलले, कारण ती आपण होऊन यंत्रापासून हलत नव्हती. तो फाटकाबाहेर जाईपर्यंत तिचे तोंड त्याच्या खांद्यावरून मागेच वळलेले होते.

“मंग मालक,” बंकटने तारा गुंडाळीत विचारले, “कोनतं ठिवायचं?”

सुंदररावांचे ओठ हलले. परंतु एका हाताच्या अंतरावर बसलेल्या बंकटलादेखील काही ऐकू गेले नाही.