एकसष्टावी मेंढी

दुष्काळात कळप जगवणाऱ्या मुंजाबांवर योगिनीनं छोटी फिल्म केली होती. ती आधी त्यांनीच बघावी म्हणून तिनं त्यांना गंगापूरहून उस्मानपुऱ्यातल्या आपल्या स्टुडिओत बोलावलं.

चित्रीकरण सेकंदाला पंचवीस फ्रेमचं होतं, पण महोत्सवाला फिल्म पाठवायची होती पन्नास फ्रेमची. तिनं ती संगणकाकडून पन्नासची करून घेतली. "दर दोन फ्रेमच्या मधली एक मशीन अंदाजानं रचतं," तिनं समजावलं.

एकदाच बघून मुंजाबा म्हणाले, "एक मेंढी जास्त हाय."

चालत्या कळपात! त्या नजरेला योगिनीनं मनोमन हात जोडले. मग फिल्म थांबवून तिनं एकेक फ्रेम पुढं सरकवली. कॅमेऱ्यानं टिपलेल्या फ्रेममध्ये मेंढरं साठ. मशीननं रचलेल्या प्रत्येक फ्रेममध्ये एकसष्ट. कडेला मान खाली घातलेली एक, फाटक्या कानाची.

"चांदी," मुंजाबा हळूच म्हणाले. "टँकर यायच्या आधीच गेली. माझ्या हातानं पुरली तिला. आता तिथं प्लॉटिंग पडलंय."

"बाबा, असं कसं होईल? मूळ शूटिंगमध्ये ती नाहीच."

"माझी मेंढरं मला वळखू येत नायत व्हय?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, अभिमान होता. त्यांनी जीभ टाळ्याला लावून कळपाला बोलवायची टकटक केली.

चित्र मशीननं रचलेल्या एका फ्रेमवर थांबलेलंच होतं. योगिनीचा हात माऊसवर नव्हता.

साठ मेंढरं होती तशीच राहिली. चांदीनं मात्र मान वर केली होती, आणि ती मुंजाबांकडं बघत होती.